खडूची फळी

गच्चीवर खडूने फळी काढलीय,
सात फूट, टोकाला निमुळती,
मधोमध एक रेघ, ताण्याच्या धाग्यासारखी.
शेजारच्या अंबव्वा विड्या वळता वळता विचारतात,
"एमिरा, पुरुषांनी रांगोळी कधीपासून?"

मी जॉबर. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
बावीस वर्षं माग दुरुस्त करतो.
समुद्र पाहिला तो टॉवेलांमुळे:
तारकर्लीच्या लॉजवर सहाशे नग पोचवायला गेलो,
टेम्पोचा क्लच गेला, तीन दिवस अडकलो.
तिथला सिप्रियन म्हणाला, "बसान काय करतंस, काका? चल."

सत्तेचाळीस वेळा पडलो.
मोजले, कारण मोजायची सवय आहे.
नाकात मीठ, कानात वाळू,
आणि सिप्रियनचं एकच,
"पायांकडे बघू नको. जंय बघतलंस, थंयच जातलंस."
मी पायांकडेच बघत होतो.
पायांतच जाऊन पडत होतो.

आता मे. गच्ची तापायच्या आत, पहाटे पाचला,
जुन्या चादरीवर पालथा पडतो,
हातांनी हवा मागे ढकलतो,
तळवे बरगड्यांपाशी, छाती वर,
आणि एका झटक्यात
नाही, गुडघा टेकला.
पुन्हा.
गुडघा टेकला की लाट निघून गेलेली असते,
हे इथेही खरं आहे, जिथे लाट नाही.

एकदा हारिकाने मला मागून ढकललं, न सांगता,
कुठला पाय आधी सावरतो ते बघायला.
उजवा.
"गूफी आहेस, नाना," मोबाइलमध्ये बघून ती हसली.
आणि मी तीन दिवस डावा पुढे टाकून उभा!
सत्तेचाळीसांतल्या निम्म्यांचा हिशेब तिथेच लागला.

मग रिकाम्या बीमची नळी, तिच्यावर पाट.
आधी भिंत धरून.
मग भिंतीजवळ.
मग भिंत आहे एवढं नुसतं माहीत असून.

वेळेचं मात्र मला कोणी शिकवू नये.
मागावर ताणा उघडतो, क्षणभर,
त्या फटीतून धोटा जायला हवा.
आधी सुटला तर धागे कापतो,
उशिरा सुटला तर मध्येच अडकतो.
लाटही अशीच उघडते, म्हणालो होतो सिप्रियनला.
"मगे तुका येता," तो म्हणाला,
"फक्त पायांक सांगूक व्हया."

पायांना सांगतोय.
रात्रपाळीला मागांच्या मधल्या बोळात
खटका ऐकत वाकतो, खटक्याला उठतो.
बुर्रासाहेबांनी बाजूला घेऊन विचारलं,
"मूळव्याध आहे का?"

सुगुणा काही बोलत नाही.
शाळेजवळच्या दुकानातून तिने खडूंची पेटी आणली, रंगीत.
"निळा घे," एवढंच म्हणाली.

काल पाणी आलं, पाचव्या दिवशी, रात्री अडीचला.
मोटार लावली आणि मला डोळा लागला.
वर धावलो तेव्हा टाकी भरून वाहत होती,
गच्चीभर दोन बोटं पाणी
पन्हळीकडे निघालेलं, माझ्या फळीवरून.

मोटार बंद करायला हवी होती.
इथे लोक तांब्या तांब्या जपतात, मला ठाऊक आहे.
मी चपला काढल्या.
उजवा पुढे. गुडघे सैल. कंबर खाली.
नजर मोबाइल टॉवरच्या लाल दिव्यावर.
तळव्यांना घासत पाणी जात राहिलं.
मी कुठे गेलो नाही.
पडलोही नाही.

"मोटार!" खालून सुगुणा.

सकाळी फळी पुसली गेलेली.
मधली रेघ तेवढी राहिलीय, निळी,
तीही अर्धीच.